मात ‘देत’ नाहीत, ‘करतात’

सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) या चित्रपटावर लिहिताना ‘इंग्रजांनी नवाबाला मात दिली’ हे चालेल का, आणि ‘मात’ म्हणजे मृत्यूच ना, असं विचारलंय.

पहिल्याचं उत्तर: नाही. मराठीत मात करतात, तीही ‘वर’ लावून. संकटावर मात, आजारावर मात. ‘मात देणे’ ही हिंदीतून केलेली आयती उचल. बातम्यांत रोज कुणीतरी कुणाला तरी मात ‘देत’ असतो, ऐकून कान किटले. देतात तो शह; त्याचीच लागण इकडे झाली असावी.

आता खरी गंमत. बरेच कोशकार ‘शह मात’मधला ‘मात’ अरबीतल्या ‘मेला’शी जोडून मोकळे होतात. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवून घेतलं. अहो, बुद्धिबळाच्या पटावर राजा मरतो कधी? प्यादी, उंट, घोडे, हत्ती, वजीर सगळे मारले जातात, राजा तेवढा नाही. शह बसलाय आणि सुटायला घर नाही, की डाव संपला. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबुद्ध, थिजलेला. काही अभ्यासक त्याचं नातं ‘मांदन’शी, म्हणजे ‘राहणे’शी लावतात. मी बेलाशक त्यांच्या बाजूचा.

माझा साक्षीदार चित्रपटातलाच नवाब, अवधचा वाजिद अली शाह, नावातच शाह, म्हणजे राजा, असलेला. फेब्रुवारी १८५६मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, आउट्रमने राज्य सोपवायच्या तहाचा कागद पुढे केला. नवाबाने सही केली नाही आणि तो लढलाही नाही. ७ तारखेला अवध खालसा. नवाब कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला राहिला आणि वारला थेट १८८७मध्ये. राज्य गेल्यावर ३१ वर्षं जगलेल्या राजाला ‘मेला’ म्हणायचं?

चित्रपट ज्यावर बेतलाय त्या प्रेमचंदांच्या मूळ कथेत बुद्धिबळाचे वेडे दोघे खेळाडू एकमेकांवर तलवार चालवून मरतात. राय त्यांना जिवंत ठेवतात आणि पुन्हा डाव मांडायला लावतात, तोही इंग्रजी पद्धतीने: प्यादं पहिल्या चालीत दोन घरं, वजिराच्या जागी राणी. (आपण खेळतो याच नियमांनी, पण राणीला अजून वजीरच म्हणतो!) राय यांच्या डोक्यात ही व्युत्पत्ती होती असा माझा दावा नाही, पण बसते अगदी चपखल.

तर लिहा, ‘इंग्रजांनी नवाबावर मात केली’. ‘नवाबाला शह दिला’ हे मराठी म्हणून बिनचूक आहे, फक्त मग नवाबाकडे एखादी चाल शिल्लक होती असा अर्थ निघेल.