एएनए पॉझिटिव्ह आहे, पण ल्युपसचे गुण ८ च भरतात, १० भरत नाहीत. मग मला ल्युपस नाही असं समजू का?

८ हा आकडा वाचला आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून लिहायला बसले. बरोब्बर हाच आकडा आमच्या घरात चार महिने फिरत होता.

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार, आणि एएनए ही त्यात करतात ती रक्ततपासणी. आधी सरळ उत्तर. नाही असं समजू नका, आणि आहे असंही समजू नका. ल्युपसचे २०१९ चे निकष, म्हणजे एएनए किमान १:८० (रक्त ८० पट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह) आणि वर लक्षणं-तपासण्यांचे मिळून १० गुण, हे अभ्यासासाठी आहेत. औषधाची ट्रायल घेताना पुण्यातले पेशंट आणि पॅरिसमधले पेशंट साधारण एकसारखे असावेत म्हणून लावलेली ती चाळणी. घरी बसून स्वतःला त्यातून चाळून घ्यायचं नसतं.

आता माझं सांगते. २०२१ च्या पावसाळ्यात बोटं सुजायला लागली, सकाळी तास-दीड तास मूठच वळायची नाही, कणीक मळायची म्हणजे शिक्षा. तोंडात टाळूला छाले होते पण ते दुखायचे नाहीत, त्यामुळे मला पत्ताच नव्हता, डॉक्टरांनी टॉर्च मारल्यावर कळलं. केस तर मोरीच्या जाळीत रोज मूठभर. सांगलीतल्या आमच्या डॉक्टरांनी आधी चिकुनगुनिया धरला, त्यात त्यांची चूक मी मानत नाही, आपल्याकडे २००६ ची साथ बघितलेला कुठलाही डॉक्टर सांधे सुजले की आधी तिकडेच जाणार. दोन महिने झाले तरी सूज हलेना म्हणून पुण्याला रूमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. एएनए १:३२०, ल्युपसच्या बाकीच्या रक्ततपासण्यांत डीएस-डीएनए निगेटिव्ह, सी३-सी४ नॉर्मल, रक्तपेशी नॉर्मल, लघवी स्वच्छ. मॅडमनी फाईलवर 'अनडिफरन्शिएटेड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज' लिहिलं, म्हणजे ल्युपसच्या जातीचा पण अजून नाव न ठरलेला आजार, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही ल्युपसची नेहमीची गोळी सुरू केली आणि दर तीन महिन्यांनी लघवी तपासा म्हणाल्या.

आणि मग भाऊजी. माझे धाकटे दीर, इंजिनिअर, त्यांनी माझ्या आजाराची एक्सेल शीट केली. आधी म्हणाले, "वहिनी, सांधे ६, केस २, तोंड २, झाले की १०." दोन दिवसांनी त्यांना नियम सापडला की एका गटातला सगळ्यात मोठा एकच आकडा धरायचा, आणि केस नि तोंड एकाच गटात येतात. म्हणजे ८. म्हणजे नापास. "ज्या आजाराला नावच नाही त्याच्यासाठी डोळे खराब करणारी गोळी कशाला खाताय?" सासूबाईंना पटलं, हे नेहमीप्रमाणे गप्प, आणि मी, खरं सांगते, खूश झाले. कोणाला हवा असतो आजार? गोळी बंद. (तापाला आणखी २ गुण असतात. मला ताप यायचा, पण तो कधी मोजला नाही, क्रोसिन घ्यायची आणि कामाला लागायची.)

चार महिन्यांनी पाय सुजले आणि लघवीला साबणासारखा फेस. २४ तासांच्या लघवीत प्रोटीन अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं की काळजी करतात, माझं दोनच्या पुढे होतं. किडनी बायोप्सी (किडनीचा तुकडा काढून तपासणी), क्लास ४, म्हणजे ल्युपसने किडनीला चांगलंच धरलेलं. त्या एकट्या बायोप्सीला १० गुण आहेत, म्हणजे शीट एकदाची पास झाली! मग स्टेरॉईड, मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, भोपळ्यासारखा चेहरा, आणि वर्षभर कुठल्या लग्नाला गेले नाही.

नंतर मी पण वाचलं, म्हटलं फक्त इंजिनिअरांनाच वाचता येतं का. माझी सुरुवातीची लक्षणं आधीच्या, १९९७ च्या निकषांत घाला: सांधे, तोंड, एएनए, ११ पैकी ३, लागतात ४, म्हणजे ल्युपस नाही. २०१२ च्या निकषांत घाला: केस वेगळे धरतात, ४ भरतात, म्हणजे ल्युपस आहे. २०१९ च्यात परत ८, परत नाही. बाई तीच, बोटं तीच, छाले तेच. मग भाऊजी, मला आजार कुठल्या साली होता?

तर तुमचे डॉक्टर नाव घेत नाहीत म्हणून लगेच डॉक्टर बदलू नका. नाव न घेता लक्ष ठेवणारा डॉक्टर मला बरा वाटतो, नुसता एएनए बघून ल्युपस सांगून टाकणाऱ्यापेक्षा. फक्त एवढं बघा की तो लघवी आणि बीपी नियमित बघतोय का. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा डोळ्यांना धोका खरा आहे, पण वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत डोस असेल तर पहिली काही वर्षं तो फार कमी असतो, आणि डोळे तपासत राहायचंच असतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही घाबराल. १:८० ला शंभरातले दहा-पंधरा धडधाकट लोकही पॉझिटिव्ह येतात. माझ्या मामेबहिणीचे चिकुनगुनियानंतर सांधे सुजले, एएनए थोडा, आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) पण पॉझिटिव्ह, सहा-सात महिन्यांत सगळं गेलं, आज ती शेतात राबते. सांध्यांचे ६ गुणही नुसत्या दुखण्याला मिळत नाहीत, दोन तरी सांध्यांना सूज हवी, किंवा दाबल्यावर दुखायला हवं आणि सकाळी अर्धा तास तरी आखडायला हवेत. आणि पहिला नियम तर लोक वाचतच नाहीत: एखाद्या लक्षणाला दुसरं जास्त पटणारं कारण असेल तर त्याचे गुण धरायचेच नाहीत. डेंग्यूनंतर गळणारे केस धरू नका. भाऊजींच्या शीटमध्ये असा कॉलमच नव्हता.

मी डॉक्टर नाही हे राहिलंच. आणि गोळी चालू असती तर किडनी वाचली असती का, हे मॅडमना विचारलं होतं. बंद केली की आजार उसळायचा धोका वाढतो म्हणाल्या, पण तुमच्या बाबतीत तेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. भाऊजी त्यातलं फक्त दुसरं अर्धं वाक्य दर गणपतीला ऐकवतात, मी त्यांच्या पानात मोदक वाढत असते तेव्हा.