‘सध्या कुठला देश चांगला?’

प्रश्न : मुलगी संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातले बरेच जण परदेशी निघालेत. कुणी म्हणतं कॅनडाचे दिवस गेले, आता जर्मनी. मास्टर्ससाठी तिला सध्या कुठे पाठवावं? – एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘सध्या’ हा शब्द मला खटकला. अर्ज, व्हिसा, मग दोन वर्षांचं शिक्षण. लेक नोकरी शोधायला लागेल तेव्हा तीनेक वर्षं उलटलेली असतील. तेवढ्यात काय काय बदलतं ते कॅनडाकडे बघून कळतं. घरांची टंचाई वाढली म्हणून तिथल्या सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये नव्या स्टडी परमिटवर मर्यादा घातली. खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलरवरून एकदम २०,६३५ वर नेली. मास्टर्सवाले त्या मर्यादेतून सुटले होते. २०२५ मध्ये तेही आत आले, आणि २०२६ पासून सरकारी संस्थांतल्या मास्टर्सवाल्यांना पुन्हा सूट मिळाली. मुलं तीच, मार्क तेच!

इतरत्रही तसंच. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२४ मध्ये विद्यार्थी व्हिसाची फी ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १,६०० केली. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं राहता येतं, पण जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दीडच वर्ष मिळेल. म्हणजे तुमच्या मुलीला दीडच धरा.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरं. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. नॉर्वेही फुकट होता, २०२३ पर्यंत. आणि कोर्स इंग्रजीतून झाला तरी नोकरीच्या मुलाखतीत जर्मन अडतंच. ती भाषा शिकायची तिची तयारी आहे का? हे तिला विचारा, शेजाऱ्यांना नको.

अमेरिकेचा विचार असेल तर एक बारकावा. शिक्षणानंतर १२ महिने ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करता येतं, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखेला आणखी २४ महिने. पण कोर्स स्टेममध्ये बसतो की नाही हे त्याच्या सीआयपी कोडवर, म्हणजे अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गीकरणातल्या क्रमांकावर ठरतं, भारदस्त नावावर नाही. तो कोड विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी मागून घ्या.

आता पैशाचं. खर्चाचा हिशेब दोनदा मांडा. एकदा तिकडे नोकरी लागेल असं धरून, आणि एकदा पदवी हातात पडताच परतावं लागेल असं धरून. दुसऱ्या हिशेबात कर्जाचा हप्ता झेपत नसेल, तर देश बदलून उपयोग नाही, कर्जच कमी करायला हवं. कन्सल्टंट हा दुसरा हिशेब सहसा मांडत नाहीत. अनेक विद्यापीठं त्यांना प्रवेशामागे कमिशन देतात. त्यात गैर काही नाही, पण तुमचं कोणकोणत्या विद्यापीठांशी टाय-अप आहे, हे पहिल्याच भेटीत विचारायला लाजू नका.

तुमच्या पत्रात चार देश आहेत असं मला वाटलं होतं; पुन्हा वाचलं तर दोनच निघाले, आणि मुलीला पुढे नेमकं काय करायचंय ते कुठेच नाही. विमा, औषधनिर्माण, हवामान, बँक : संख्याशास्त्राच्या वाटा पुष्कळ आणि प्रत्येकीचे चांगले विभाग वेगळ्या ठिकाणी. तिला तीन कोर्सचे अभ्यासक्रम नीट वाचायला सांगा, आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.