गाडी ‘मिसिंग’ करतेय: ४८ हजारांचं इंजिनकाम की पाच लाखांचं कर्ज?

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातला मामला थोडक्यात असा. नोव्हेंबर २०११ ची, हजार सीसीची, तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी, ९२ हजार किलोमीटर चाललेली. दोन महिन्यांपासून उभ्या जागी थरथरते, एसी लावला की बंद पडायला येते आणि चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरमध्येही ओढत नाही. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल, ४८ हजार. दीर म्हणतात, गाडी विकून टाका, पाच लाखांचं कर्ज काढा, नवी घ्या. हातात येणारा पगार ४६ हजार, घरकर्जाचा हप्ता १४ हजार आणि गाठीला १ लाख ६० हजारांची एफडी.

आज यातलं काहीच करू नका. आधी हजार-दीड हजार खर्चून बिघाड नेमका कुठे आहे ते शोधून घ्या.

असं का म्हणतो? तुम्हीच लिहिलंय की ऑइल कमी होत नाही आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत नाही. इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर बहुधा हीच दोन लक्षणं आधी दिसली असती. तीनपैकी एक सिलिंडर नीट पेटत नसला (यालाच ‘मिसिंग’ म्हणतात) की गाडी अशीच थरथरते आणि चढाला दम सोडते. त्याचं कारण पुष्कळदा साधं असतं: झिजलेला प्लग, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल गेलेली, घाण झालेली थ्रॉटल बॉडी, चोंदलेला इंजेक्टर, फाटलेली व्हॅक्यूमची नळी. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर नीट न पेटणाऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून बघायची. बिघाड तिच्यासोबत सरकला तर दोष कॉइलचाच. यातली बरीचशी कामं काहीशे ते दोन-तीन हजारांत होतात.

दुसऱ्या एखाद्या गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून घ्या आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजायला सांगा. तिन्ही आकडे कागदावर लिहून घ्या, नुसतं ‘कॉम्प्रेशन गेलंय’ यावर विसंबू नका. आकडे जवळजवळ सारखे आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत आले तर इंजिन उतरवण्याचं कारण उरत नाही. एकाचाच आकडा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर रिंगा, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. या दोन कामांच्या खर्चात मोठा फरक असतो, म्हणून तो आकडा महत्त्वाचा. आणखी एक विचारतो: चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरात गाडी पाण्यात होती का? असेल तर वायरिंगचे कनेक्टर उघडून गंज बघायला जरूर सांगा.

आता दिरांचं म्हणणं. पाच लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता सुमारे १०,५०० येतो आणि व्याजच १ लाख ३० हजार जातं. दोन्ही हप्ते मिळून साडेचोवीस हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त पगार. वर डाउन पेमेंटसाठी एफडी मोडावी लागणार, आणि सासूबाईंच्या कराडमधल्या उपचारांसाठी तुमच्याकडे तेवढीच रक्कम आहे. ती मोडण्याच्या मी ठाम विरोधात आहे. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे दिरांचं बरोबर आहे. पण ती काही सणाची ऑफर नाही, त्यासाठी या महिन्यातच घाई करायला नको.

खरोखर रिंगांचं काम निघालं तर मात्र हिशोब वेगळा. गाडीला नोव्हेंबर २०२६ मध्ये पंधरा वर्षं होतील. नोंदणीच्या नूतनीकरणाची फीच ५,००० आहे, शिवाय जुन्या गाड्यांवरचा हरित कर आणि फिटनेससाठी लागणारी डागडुजी. तेव्हा ४८ हजार घालण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा बघा. कोकणातल्या पावसात तो आतून गंजतो. पत्रा कुजला असेल तर इंजिनात पैसे घालू नका, आहे तशी विका. पत्रा शाबूत असेल तर काम करून आणखी चार-पाच वर्षं चालवा. ४८ हजार म्हणजे नव्या गाडीचे साडेचार हप्ते. विमा कंपनीकडून मात्र आशा ठेवू नका, झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाहीत.

विकायचं ठरलं तरी साधा बिघाड आधी दुरुस्त करा. थरथरणाऱ्या गाडीची किंमत एक्स्चेंजवाले सरळ पाडून मागतात. आणि गाडी चालवून पुढच्या वर्षी बदलायची असेल तर आत्तापासून महिन्याला पाच हजारांचं आवर्ती ठेवीचं (आरडी) खातं उघडा. डाउन पेमेंट त्यातून निघेल आणि निदान निम्मा हप्ता झेपतो का, तेही आपोआप कळेल.

तोवर घाटात गाडी घालू नका. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर अजिबातच नाही, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो जाळतं आणि मग तोही खर्च अंगावर येतो. कॉम्प्रेशनचे तीन आकडे आणि काढलेल्या प्लगांचे फोटो पाठवा, पुढचा हिशोब त्यावरून करू.