सोर्स ‘स्थापित’ करायचा की सोडवायचा?

प्रश्न माटुंग्याच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचा आहे. त्याने पहिल्यांदाच फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. वायफायचा ड्रायव्हर बनवायला गेला, तर कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा, सोर्स सापडत नाही असा संदेश आला. आपल्यामागून येणाऱ्यांसाठी त्याने मराठीत टिपण लिहायला घेतलं आणि पहिलंच वाक्य झालं, ‘स्त्रोत संकेत स्थापित करा’. हे बरोबर आहे का, असं तो विचारतो.

आधी ‘स्त्रोत’. शब्द स्रोत आहे, त्यात त-ला र जोडायचा नाही. मूळ धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे. ‘स्राव’ त्याच घरातला, आणि तो कुणी ‘स्त्राव’ म्हणून बोलू लागला की कानाला लगेच खटकतं. विष्णुसहस्रनामाचं ‘सहस्त्र’ होतं तीही हीच चूक. ‘स्तोत्र’ मात्र ‘स्तु’पासून आलेलं, त्याचा इथे संबंध नाही.

पण शुद्ध लिहिला तरी स्रोत म्हणजे प्रवाह. जिथून निघतं तो उगम. मिठी नदीचा उगम विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यात आहे. तिथून माहीमच्या खाडीपर्यंत जातो तो स्रोत. सोर्स कोड म्हणजे ज्यातून पुढे चालणारा प्रोग्राम तयार होतो तो मूळ मजकूर. म्हणून मला ‘मूळ आज्ञावली’ जास्त पटतं. ‘संकेत’ तर नकोच, संकेतस्थळ आणि संकेताक्षर यांनी तो आधीच अडवून ठेवलाय. बोलताना खुशाल सोर्स म्हणा.

खरी गंमत क्रियापदात आहे. ‘स्थापित करा’ ही हिंदीची छाया. मराठीत आपण बसवतो: नळ, पंखा, मीटर, गणपतीसुद्धा. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात ‘विंडोज टाकून द्या’ म्हणतात, ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणतात. बसवलेली वस्तू कामाला लागते. सोर्स तसा कामाला लागत नाही. तो /यूएसआर/एसआरसी या डिरेक्टरीत नुसता पडून असतो, सोर्सपासून प्रोग्राम बनवणारी ‘मेक’ ही आज्ञा हाक मारेल तेव्हा वाचला जातो. फ्रीबीएसडी टाकताना सोर्सच्या चौकटीत खूण केली नाही तर तो येतच नाही. या मुलाचं तेच झालं होतं. सिस्टीम मोडलेली नव्हती.

मग करायचं काय? ‘युनेम -आर’ या आज्ञेने आपली आवृत्ती पाहायची आणि नेमक्या त्याच आवृत्तीच्या फोल्डरमधून एसआरसी.टीएक्सझेड उतरवायची. दुसऱ्या आवृत्तीच्या सोर्सवर बनवलेला ड्रायव्हर आपल्या कर्नलला चालेलच असं नाही. ही फाइल म्हणजे बांधलेलं गाठोडं. ते बांधणाऱ्या-सोडवणाऱ्या आज्ञेचं ‘टार’ हे नावच टेप अर्काइव्हवरून आलंय. गाठोडं सोडवायचं. ‘एक्सट्रॅक्ट’ला याहून नेमकं क्रियापद मला माहीत नाही.

ते कुठे सोडवायचं, यावर सगळं अवलंबून आहे. आतल्या फायलींच्या नावांतच यूएसआर/एसआरसी असतं. त्यामुळे रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन, टारला मोठ्या ‘सी’ने ‘/’ ही सगळ्यात वरची डिरेक्टरी सांगून सोडवलं की सगळं जागच्या जागी पडतं. या मुलाने पहिल्या खेपेला स्वतःच्या होम फोल्डरमध्ये सोडवलं. तिथे नवीनच यूएसआर फोल्डर तयार झाला आणि ‘मेक’ पुन्हा सापडत नाही म्हणाला.

जाता जाता: ‘कर्नल’ म्हटलं की मराठी वाचकाला फौजेतला अधिकारी दिसतो. टिपणात पहिल्यांदा येईल तिथे ‘सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल’ असं लिही.

तेव्हा वाक्य असं कर: ‘आपल्याच आवृत्तीची मूळ आज्ञावली उतरवून घ्या आणि रूट होऊन ती / मध्ये सोडवा.’