एक इंजिन की दोन?

प्रश्न : मांडव्याहून गोव्यापर्यंत निवांत जाता येईल अशी ३६ फुटी जुनी डिझेल बोट घ्यायची आहे. वजन नऊ टनांच्या आसपास. एकाच बांधणीच्या दोन बोटी पाहिल्या. एकीला १२० अश्वशक्तीचं एक इंजिन, दुसरीला ८०-८०ची दोन. घरचे म्हणतात, दोन असली की एक बंद पडलं तरी परत येता येतं. खरं का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : अर्धंच खरं. आधी वेगाचं बघा. पाण्यातली लांबी ३३ फूट धरली, तर पाणी कापत जाणारी ही बोट ७.७ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपास अडते (फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४). सात नॉटला जेमतेम तीस अश्वशक्ती लागते, म्हणजे शांत समुद्रात तासाला सहा-सात लिटर डिझेल. दुसऱ्या इंजिनाने वेग वाढणार नाही. दुसरा शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा) आणि पंखा (प्रोपेलर) पाण्यात ओढ मात्र वाढवतील.

आता भरवशाचं. डिझेल इंजिन वाटेत बंद पडतं ते बहुतेकदा टाकीतल्या पाण्या-गाळामुळे. बोट हलू लागली की तळाचा गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतो. दोन्ही इंजिनं एकाच टाकीतून डिझेल घेत असतील, तर पहिल्यापाठोपाठ दुसरंही बसतं. म्हणून दोन इंजिनांची बोट बघताना टाक्या, फिल्टर, स्टार्टच्या बॅटऱ्या खरंच वेगळ्या आहेत का, हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट जाळ्यांची. एका इंजिनाचा पंखा कण्याच्या, म्हणजे तळाच्या मधल्या उभ्या पट्टीच्या, मागे झाकलेला असतो. दोन असली की पंखे दोन्ही बाजूंना उघडे लोंबतात. आपल्या किनाऱ्यावर डोलींचे (खुंटांना बांधलेल्या जाळ्यांचे) खुंट आणि तरंगत्या जाळ्यांच्या दोऱ्या किती, ते तुम्हाला सांगायला नको. खाडीच्या तोंडावर बोट टेकली तर पहिला फटका त्या पंख्यांनाच.

एका इंजिनावर परतायची वेळ आलीच, तर बंद इंजिनाचा पंखा पाण्याच्या जोराने फिरत राहतो. शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथे पाणी आत येऊ न देणाऱ्या सीलला गार ठेवणारं पाणी त्याच इंजिनाच्या पंपाकडून येत असेल, तर सील कोरडा फिरून जळतो. दोन्ही सीलना जोडणारी पाण्याची नळी आहे का ते पाहा. काही गिअरबॉक्सना असं फिरणं चालत नाही, तिथे शाफ्ट बांधून ठेवावा लागतो. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं.

आणि खाली उतरून हात घालून बघा! एवढ्या अरुंद बोटीत दोनपैकी एका इंजिनाचा समुद्राच्या पाण्याचा पंप बऱ्याचदा बाहेरच्या बाजूला, भिंतीला चिकटून असतो. जिथे हात पोचत नाही, तिथला इंपेलर (पंपातलं रबरी चक्र) कोणी वेळेवर बदलत नाही.

आमचं मत, एक इंजिनवाली घ्या. उरलेल्या पैशांत टाकी उघडून धुऊन घ्या. एक चालू असताना दुसरा बदलता येईल असे जोड-फिल्टर बसवा. सुटे म्हणून दोन इंपेलर, पट्टे, सहा फिल्टर आणि एक फीड पंप (टाकीतून इंजिनाला डिझेल पोचवणारा) बोटीवर ठेवा. पंधरा नॉटने जायचं असतं तर दोन इंजिनं घ्या म्हटलं असतं, पण त्याला बोटीचा तळच वेगळा लागतो.

प्रश्न : एक इंजिन असलं की मागे घेताना बोट एका बाजूला जाते. धक्क्याला कशी लावायची?
– वाचक, रत्नागिरी

उत्तर : पुढे जाताना पंखा मागून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर रिव्हर्समध्ये बोटीची शेपटी डावीकडे सरकते. म्हणून शक्यतो डावी बाजू धक्क्याला लावा. पंधरा-वीस अंशांच्या कोनात हळू या, न्यूट्रल करा, नाळ (बोटीचं पुढचं टोक) धक्क्यापासून हातभर राहिली की रिव्हर्सचा छोटा झटका द्या. शेपटी आपसूक आत येते. वारा धक्क्यावरून बाहेर वाहत असेल तर आधी बोटीच्या मध्यावरची दोरी धक्क्यावर टाका.