टीकिंटरमध्ये दुसऱ्या विंडोत टाइप केलेलं नाव रिकामं का मिळतं?

टीकिंटर (पायथनमध्ये विंडो बनवायचं साधन) वापरून लिहिलेल्या तुमच्या प्रोग्राममध्ये दोन अडचणी आहेत. ‘नवीन ग्राहक’ बटणाने उघडणाऱ्या विंडोत नाव टाइप केलं तरी स्ट्रिंगव्हार (टाइप केलेला मजकूर ठेवणारं टीकिंटरचं व्हेरिएबल) रिकामाच येतो, आणि बटण जितक्या वेळा दाबाल तितक्या विंडो उघडतात. पहिल्या अडचणीची मुळं खोल आहेत, म्हणून आधी ती.

बटणाच्या फंक्शनमध्ये तुम्ही पुन्हा टीके() लिहिलं आहे. पण टीके() नुसती विंडो काढत नाही. टीकिंटर पायथनच्या आत टीसीएल या भाषेचा इंटरप्रिटर (त्या भाषेतला कोड चालवणारा भाग) चालवतं, आणि दर टीके()ला एक नवा, स्वतंत्र इंटरप्रिटर सुरू होतो. स्ट्रिंगव्हार कोणत्या विंडोचा हे सांगितलं नाही, तर तो पहिल्या रूटकडे, म्हणजे पहिल्या टीके()ने बनलेल्या मुख्य विंडोकडे जातो. तुमची एन्ट्री (नाव टाइप करायची चौकट) मात्र दुसऱ्या इंटरप्रिटरमध्ये आहे. तिथे त्याच नावाचं दुसरंच व्हेरिएबल तयार होतं आणि टाइप केलेलं सगळं त्यात जातं. एरर कुठेच येत नाही, त्यामुळे माणूस तासन्‌तास भलतीकडेच शोधत बसतो.

म्हणून टीके() एकदाच, आणि क्लिक-टायपिंगची वाट पाहत प्रोग्राम चालू ठेवणारा मेनलूपही एकदाच. बाकी प्रत्येक विंडो टॉपलेव्हल(रूट) ने, म्हणजे त्याच रूटची जास्तीची विंडो म्हणून उघडा. फंक्शनमधला दुसरा मेनलूप तर आजच काढा. तो सगळे रूट बंद होईपर्यंत थांबतो, त्यामुळे ग्राहकाची विंडो बंद केली तरी त्याखालची ओळ चालत नाही. तुम्हाला ‘ही विंडो बंद होईपर्यंत थांब’ एवढंच हवं असेल, तर त्यासाठी वेट_विंडो आहे.

माझा नेहमीचा क्रम असा: टॉपलेव्हल बनवायची, ट्रान्झियंट(रूट) द्यायचं म्हणजे ती मुख्य विंडोच्या वरच राहते, मग ग्रॅब_सेट, म्हणजे क्लिक आणि टायपिंग फक्त याच विंडोला मिळतं, आणि शेवटी वेट_विंडो. ग्रॅब असताना मागचं बटण दाबलंच जात नाही, म्हणजे दुसरी अडचणही इथेच सुटते. लिनक्सवर विंडो पडद्यावर येण्याआधी ग्रॅब केलं तर एरर येतो. तिथे आधी वेट_व्हिजिबिलिटी लावा. वेट_विंडोनंतर एन्ट्री नष्ट झालेली असते, तेव्हा तिच्यावर गेट() चालवू नका. स्ट्रिंगव्हार रूटचा असल्यामुळे शाबूत असतो, नाव त्यातून घ्या. आणि फुलीवर क्लिक म्हणजे ‘सेव्ह’ नव्हे. सेव्ह झालं की नाही याची खूण वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा.

दोन्ही विंडोंत एकाच वेळी काम करायचं असेल तर ग्रॅब नको. मग टॉपलेव्हल एका व्हेरिएबलमध्ये सांभाळा, विनफो_एक्झिस्ट्स ने ती अजून आहे का पाहा, आणि असेल तर नवी न उघडता लिफ्ट() करून तीच वर आणा.

पुढे लॉगिन जोडायचं आहे असं तुम्ही म्हणता. त्यासाठीही दुसरा टीके() नको. रूट विथड्रॉ() ने लपवा, लॉगिनची टॉपलेव्हल दाखवा, पासवर्ड बरोबर आला की डीआयकॉनिफाय() ने रूट परत आणा. या विंडोला ट्रान्झियंट लावू नका, कारण अशी विंडो आपल्या रूटची अवस्था घेते; रूट लपलेला असेल तर लॉगिनही दिसणार नाही. तसंच तिच्या फुलीला प्रोटोकॉल वापरून रूट.डिस्ट्रॉय जोडा. नाहीतर कोणी लॉगिन न करताच फुली दाबली, तर पडद्यावर काहीच नसताना प्रोग्राम मागे चालूच राहील.