वस्ताद आणि पंचांचा जीवनगौरव: गदेची ऑर्डर द्यायच्या आधी एवढं वाचा

तुमचा प्रश्न असा: तालमीचे वस्ताद चाळीस वर्षं पोरं घडवतायत, गावातलेच एक पंच जवळपास तितकीच वर्षं कुस्त्या सोडवतायत, यंदा यात्रेच्या मैदानात दोघांचा जीवनगौरव करायचाय, तर स्मृतिचिन्ह काय द्यावं आणि खर्च किती येईल? खर्चाचं शेवटी बघू. पंचांचं नाव वस्तादांच्या बरोबरीनं घेतलंत म्हणून लिहायला बसलो. एरवी आपल्याकडं सत्काराची यादी वस्ताद, माजी पैलवान, देणगीदार, सरपंच अशी जाते आणि वेळ उरलाच तर "पंच कमिटीचेही आभार" एवढ्यावर आटपते.

कोल्हापूरजवळच्याच एका गावात काही वर्षांपूर्वी असा बेत झाला होता. पत्रिकेवर सत्काराची वेळ पाच. वस्ताद ऐंशीच्या पुढचे. चार वाजल्यापासून त्यांना फेटा बांधून बसवलेलं, तेही हात नसलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, कर्ण्याच्या बरोबर खाली. पाहुण्यांची गाडी आली साडेसातला. तोवर मैदान गच्च, एक नंबरची जोड, म्हणजे शेवटची सगळ्यात मोठी कुस्ती खेळणारे दोघे, अंगाला तेल चोळून तयार, आणि ऐन रंगात हलगी थांबवून माईकवर स्वागत सुरू. पब्लिकनं शिट्ट्या घातल्या. शिट्ट्या पाहुण्यांना होत्या, पण समोर उभे होते वस्ताद. शाल, नारळ, फोटो, चाळीस सेकंदात सगळं उरकलं. मानपत्र वाचलंच नाही. आणि दुपारी दोनपासून हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उभे असलेले पंच, ज्यांचं नाव यादीत घालायचं ठरलं होतं, ते वस्तादांच्या कोपराला धरून त्यांना पायरी उतरवत होते. त्यांचं नाव कुणी पुकारलंच नाही. नंतर विचारल्यावर कमिटीतल्या एकानं सांगितलं, "पंचाला कशाला ओ सत्कार? त्याला मानधन मिळतंय की!"

या वाक्याचा हिशेब खाली करतोच. आधी त्या दिवशी काय काय चुकलं ते बघा, कारण तुमच्याकडंही तेच चुकणार आहे.

वेळ. मैदान दुपारी लहान पोरांच्या कुस्त्यांनी सुरू होतं आणि चटकदार जोडी संध्याकाळी लागतात. सत्कार लावायचा तो पाच-सहा नंबरच्या कुस्त्या सुटल्यावर. तेव्हा मैदान भरलेलं असतं, उजेड असतो आणि लोकांचा जीव अजून शेवटच्या कुस्तीत अडकलेला नसतो. शेवटच्या तीन जोडींच्या मध्ये कुणाचाही सत्कार नको, मंत्री असले तरी नको. पाहुणे वेळेवर आले नाहीत तर वस्तादांच्या सगळ्यात जुन्या पट्ठ्याच्या, म्हणजे शिष्याच्या, हातून सत्कार करा. तो पट्ठा कोण, हे मैदानाच्या आधीच ठरवून ठेवा. ऐनवेळी ठरवायला गेलात की दोन तालमींची भांडणं लागतात.

कान. तालमीत वाढलेल्या माणसाचे कान मोडलेले असतात. आतल्या कूर्चेजवळ रक्त साकळून कान गड्ड्यासारखा घट्ट होतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्यावर कोल्हापुरी फेटा कचकून बांधला की दुखतो, आणि वयामुळं आधीच कमी झालेलं ऐकू येणं आणखी कमी होतं. मग मानपत्र वाचून काय उपयोग? फेटा कानाच्या वरून, सैल, सत्काराच्या दहा मिनिटं आधी बांधा. खुर्ची हाताची आणि उंच बैठकीची ठेवा, कारण बहुतेकांचे गुडघे गेलेले असतात. स्टेज नकोच, चढ-उतारात पडण्याची भीती. आणि लघवीची सोय पन्नास पावलांच्या आत पाहिजे, नाहीतर म्हातारा माणूस दुपारपासून पाणीच पीत नाही आणि उन्हात चक्कर येऊन पडतो.

माती. सत्कार हौद्याच्या कडेला करा, हौद्यात नाही. तीस-चाळीस लोक चपला-बुटांनी मातीत उभे राहिले की ताक, हळद, तेल, लिंबू घालून मऊ केलेली माती दगडासारखी दबते. ती परत खणून सारखी करायला फावडी घेऊन पोरं उतरवावी लागतात आणि तेवढा वेळ पुढची जोड थंड पडते. पण त्याहून वाईट म्हणजे टाचण्या. बॅज, बिल्ले, तुरे, हारांच्या तारा. त्या गावात सत्कारानंतर माती चाळली तर तीन सेफ्टी पिना आणि हाराच्या तारेचा वीतभर तुकडा निघाला. पुढच्या कुस्तीत कुणाची पाठ त्यावर घासली असती तर? म्हणून बॅज नको, तारेचा हार नको, कागदाचे तुकडे उडवणारी नळकांडी नको, गुलालही कुस्त्या संपल्यावरच. वस्ताद मात्र मातीला हात लावल्याशिवाय राहणार नाहीत. चपला काढून ते वाकणारच, तेव्हा मागं एक धडधाकट पोरगं उभं करा, त्यांना उठताना आधार लागतो.

आता खरं काम, जे कुणीच करत नाही. स्मृतिचिन्हाची चौकशी करण्याआधी कागद गोळा करा. तालमीत हजेरीबुक नसतं. वस्तादांना विचारलं की ते म्हणणार, "लई पोरं झाली, कुठं मोजू?" मोजायचं काम तुमचं. सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे मैदानांची जुनी हँडबिलं. त्यावर प्रत्येक जोडीत पैलवानाच्या नावाखाली तालीम किंवा "अमुक वस्तादांचा पट्ठा" असं छापलेलं असतं. जुन्या पैलवानांच्या घरी, ट्रंकेत, फोटोंच्या फ्रेमच्या मागं ती सापडतात. अडचण एवढीच की बऱ्याच हँडबिलांवर वार आणि तारीख असते, साल नसतं. त्यावर उपाय आहे. समजा "रविवार, ता. १२ एप्रिल" असं आहे. १९८० ते २००० या काळात १२ एप्रिलला रविवार आला तो १९८१, १९८७, १९९२, १९९८ या साली. चारच पर्याय उरले. मग त्याच कागदावर कुणाच्या नावाआधी "महाराष्ट्र केसरी" लागलंय आणि कुणाच्या नाही ते बघा. किताब कुठल्या साली मिळाला ते माहीत असतं, त्यावरून एक साल पक्कं होतं. फोटो मोबाईलनं काढा, पण दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून, कारण जुन्या गुळगुळीत कागदावर फ्लॅशचा पांढरा ठिपका नेमका नावावर येतो. मूळ कागद त्याच दिवशी परत करा. एकदा "देतो नंतर" झालं की पुढच्या घरात तुम्हाला कुणी ट्रंक उघडून दाखवत नाही.

पंचांचं काम आणखी अवघड. यात्रेतल्या मातीवरच्या कुस्तीला सहसा गुणपत्रक नसतं; पाठ लागली की निकाल, नाहीतर बरोबरी. खांदा आणि माती यांच्यामधली फट बघायला पंच गुडघ्यावर येतो, गाल मातीला टेकवतो, आणि निकाल दिल्यावर निम्मं मैदान त्याला शिव्या घालतं. चुकला तर वीस वर्षं लोक लक्षात ठेवतात आणि बरोबर दिलेले हजार निकाल विसरतात. त्यामुळं त्यांच्याकडून नेमणुकीची पत्रं, पंच परीक्षेची प्रमाणपत्रं, शिबिरांचे फोटो मागून घ्या. मॅटवर, म्हणजे गादीवरच्या कुस्तीत, काम केलं असेल तर तेही लिहा, कारण तिथं नियम किती वेळा पालटले! २००५ पासून दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीचा वेगळा निकाल. २०१३ पासून पुन्हा तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांची बेरीज. डाव्या मनगटाला लाल पट्टी, उजव्याला निळी बांधून त्या त्या हाताच्या बोटांनी गुण दाखवणारा माणूस हे सगळं दर वेळी नव्यानं शिकला. पैलवान आठ-दहा वर्षं खेळून थांबतो. पंच पन्नाशीतही परीक्षा देतो.

त्या मानधनवाल्या गृहस्थांना माझं उत्तर खाशाबा जाधवांच्या गोष्टीत आहे. १९५२ चं हेलसिंकी, फ्रीस्टाइल कुस्तीचा बँटमवेट वजनगट, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांना पाठवायला घर गहाण टाकून पैसे उभे केले ते कोल्हापूरला पाठ आहे. पण दुसरी बाजू कमी सांगितली जाते. एक दमछाक करणारी कुस्ती झाल्यावर खाशाबांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण तो नियम पुढं करून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. मिळालं ते कांस्य. नियम जाणणारा माणूस जागेवर असण्याची किंमत याहून वेगळी काय सांगायची? आणि अर्जुन पुरस्कार खाशाबांना मिळाला तो मरणोत्तर. ते १९८४ ला अपघातात गेले. पैलवान दादू चौगुलेंना ध्यानचंद पुरस्कार २०१८ ला मिळाला, पुढच्याच वर्षी ते गेले. तेव्हा "पुढच्या यात्रेला मोठा करू" हे वाक्य बैठकीत निघालं तर तिथंच हाणून पाडा.

स्मृतिचिन्ह. माझं मत स्पष्ट आहे: गदा जिंकणाऱ्याची. वस्तादांना गदा द्यायचीच असेल तर हलकी द्या, दीड-दोन किलोची. खांदे निखळून बसवलेल्या माणसाच्या हातात फोटोसाठी आठ किलोची गदा देणारे लोक मी बघितलेत. चांदीकामाच्या हुपरी गावात करून घेणार असाल तर आत लाकूड आणि वरून चांदीचा पत्रा असतो. पत्रा चढवण्याआधी काट्यावर वजन बघा, चढवल्यावर लाकडासकट वजन येतं आणि वाद होतो. पावतीवर चांदीचं वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळं लिहून घ्या. जर्मन सिल्व्हर म्हणजे चांदी नव्हे, नावाला भुलू नका.

त्यापेक्षा मानपत्रावर कष्ट घ्या. दीडशे-पावणेदोनशे शब्द, म्हणजे वाचायला दीड मिनिट. विशेषणं काढून टाका आणि पट्ठ्यांची नावं घाला. नाव पुकारलं की तो पट्ठा गर्दीतून उठून उभा राहतो, आणि वस्तादांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. नावाआधी "श्री." नको, "वस्ताद" किंवा "पै." (पैलवान) लिहा. प्रूफ घरच्यांना दाखवा, मुलाला नव्हे, बायकोला. साल आणि गावं त्यांनाच आठवतात. फ्रेमला काच नको, अ‍ॅक्रिलिक लावा, गर्दीत काच फुटते आणि मग पुन्हा मातीचा प्रश्न.

पैसे द्यायचे असतील तर आधी जमा करा, मग जाहीर करा. माईकवर पुकारलेल्या देणग्यांतल्या निम्म्या कधीच येत नाहीत आणि वस्तादांना मात्र गावभर "लाखाची थैली मिळाली" म्हणून ऐकावं लागतं. चेक आधार कार्डावरच्या नावानं काढा. मैदानात गाजलेलं नाव बँकेत चालत नाही. रक्कम बरी असेल तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना बघा, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येतं आणि मुद्दल कुणी उसनं मागू शकत नाही. जुन्या किताबवाल्या पैलवानांना सरकारचं मानधन असतं, पण ते किताबावर. किताब नसलेले वस्ताद आणि पंच त्यात बसत नाहीत. शिवछत्रपती पुरस्कारांतल्या जीवनगौरवासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा; वर गोळा केलेले कागद तिथंही लागतील. खेळातल्या गुरूंसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ ला सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी कुस्तीचे भालचंद्र भागवत त्यात होते, म्हणजे कुस्तीच्या गुरूला तो दरवाजा बंद नाही. पंचांसाठी तसा ओळखीचा दरवाजा मला दिसत नाही, म्हणून गावानंच करायचं.

खर्चाचं विचारलं होतंत. चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून आकडा सांगत नाही. गदा वगळली तर फेटे, शाली, दोन फ्रेम, दोन चांगल्या खुर्च्या एवढाच खर्च आहे, तो मंडपवाल्याच्या बिलापुढं किरकोळ. दोघांना सारखीच वस्तू द्या, एकाला गदा आणि दुसऱ्याला नुसता नारळ नको.

हे सगळं मातीच्या मैदानाचं सांगितलं. हॉलमध्ये मॅटवर कार्यक्रम असेल तर मातीची काळजी नाही, पण बूट-चपला मॅटवर नकोत, आणि पिना तिथंही नकोतच. तुमचे वस्ताद आणि पंच स्वभावानं कसे आहेत ते मला माहीत नाही. काहींना गर्दीत सत्कार नकोच असतो, आधी घरी जाऊन विचारा. आणि पंचांना फेटा बांधणार असाल तर तो सगळ्या कुस्त्या सुटल्यावर बांधा. त्या दिवशी एक नंबरची कुस्तीही बहुधा त्यांनाच सोडवायची असणार, आणि फेटा बांधून गाल मातीला टेकवता येत नाही.